मदत हवी आहे: पार्श्वसंगीत चित्रापेक्षा मागे पडतंय

स्वतंत्र चित्रपटाचं पार्श्वसंगीत बसवतोय. टाइमलाइन सेकंदाला २४ फ्रेम्सची आहे, पण संगीतकाराला संदर्भासाठी गेलेला व्हिडिओ २३.९७६ चा होता. त्यामुळे संगीत ०.१ टक्का लांब झालंय. दोन मिनिटांच्या तुकड्यात जेमतेम तीन फ्रेम्सचा फरक पडतो, तो सुरुवातीचा बिंदू सरकवून निभावतो. खरी अडचण शेवटच्या ११ मिनिटांच्या सलग तुकड्याची: तिथे शेवटाला १६ फ्रेम्सचा उशीर होतो आणि दार आपटण्यावरचा ठोका सपशेल चुकतो.

फायली ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या. सहा स्टेरिओ स्टेम्स (वाद्यगटांनुसार वेगळे केलेले ट्रॅक). सॅम्पल रेट तपासला, दोष त्यात नाही. स्वर कायम ठेवून लांबी बदलणारं टाइम-स्ट्रेच लावलं तर चेलोच्या गजाच्या घर्षणाचा आवाज पुसट होतो, तेही इतक्या सुंदर वादनात. वादन प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित आहे, पुन्हा करणं शक्य नाही. चित्राचं संकलनही पक्कं झालंय.

आता विचार असा: फायलींवर ४८०४८ हर्ट्झ अशी नोंद करून (म्हणजे त्या ०.१ टक्का वेगाने वाजतील) त्या ४८००० वर रूपांतरित करायच्या. स्वर सुमारे १.७ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढेल, ते चालेल. सहाही स्टेम्स वेगवेगळे रूपांतरित केले तर त्यांची फेज (ध्वनिलहरींचा एकमेकींशी ताळमेळ) जुळलेली राहते का, की आधी एकाच बहुचॅनल फायलीत बांधावेत?