साडेसातचा वर्ग आणि परदेशातली घड्याळे

फोंड्याची पेटी :
मी दर रविवारी संध्याकाळी साडेसात वाजता फोंड्याहून इंटरनेटवर पेटी आणि भजनाचा वर्ग घेते. दुबई, लंडन आणि टोरांटो येथे स्थायिक झालेल्या गोमंतकीय कुटुंबांतील मुले त्यात आहेत. गेल्या मार्चमध्ये टोरांटोची मुलगी साडेसहालाच येऊन थांबली, तेव्हा मी तुळशीपाशी दिवेलागणीच्या तयारीत होते. तीन आठवड्यांनी लंडनच्या मुलांनी तेच केले. दिवाळीच्या सुमारास याच्या उलट घडले, म्हणजे मुले तासभर उशिरा आली. माझेच घड्याळ चुकत असावे, असे एका पालकांनी नम्रपणे सुचवलेही. नेमके कोण चुकते, आणि वेळ बदलायची तर कोणी?

मांडवीकाठ :
बाई, तुमचे घड्याळ निर्दोष आहे. भारतीय प्रमाणवेळ वर्षभर एकच असते आणि दुबईचीही, म्हणून तिथली मुले बारा महिने बरोबर सहाला हजर असतात. ब्रिटनमध्ये मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे नेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात, तर टोरांटोत हेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होते. तुमचे साडेसात म्हणजे लंडनला हिवाळ्यात दुपारचे दोन आणि उन्हाळ्यात तीन, टोरांटोला सकाळचे नऊ आणि मग दहा. मुलगी सवयीने नऊलाच बसली, पण त्या पहाटेपासून तिचे नऊ तुमचे साडेसहा झाले होते. वर्गाचा वारही नेमका रविवार, हे दुर्दैव.

लिस्बनवासी मडगावकर :
गणित बरोबर आहे, पण खरा घोळ नावांचा आहे. लंडनची वेळ म्हणजे जीएमटी (ग्रीनिच प्रमाणवेळ) असे लोक बारा महिने लिहितात, वास्तविक उन्हाळ्यात ती त्याहून एक तास पुढे असते. आमच्या नात्यात जूनमध्ये लंडनला बारसे होते आणि निमंत्रणात 'दुपारी ३ जीएमटी' असे लिहिले होते. आईने मडगावात चोख आकडेमोड करून साडेआठला कॉल लावला, तोवर बाळाचे नाव ठेवून झाले होते! भारतीय प्रमाणवेळेसाठी 'आयएसटी' लिहिण्यातही अर्थ नाही, कारण आयर्लंडची उन्हाळी वेळही त्याच अक्षरांनी ओळखली जाते. सरळ 'फोंड्याचे साडेसात' असे लिहावे. घड्याळे पुढे-मागे करण्याचा हा खटाटोप बंद करण्याच्या बाजूने युरोपीय संसदेने २०१९ मध्ये मतदान केले होते, पण सदस्य देशांचे एकमत न झाल्याने आम्ही अजून घड्याळाचे काटे फिरवतच आहोत.

कुळागर :
गोव्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा आणि सर्वांत लहान सव्वा अकरा तासांचा असतो. लंडनला तो साडेसोळा तासांवरून आठच्याही खाली येतो, म्हणून उन्हाळ्यातला पहाटेचा उजेड संध्याकाळकडे सरकवण्याची कल्पना तिकडे रुजली. आपल्याकडे सरकवण्याजोगे काही नाही. तुम्ही फोनच्या कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची नोंद करून पालकांना निमंत्रण पाठवा, म्हणजे प्रत्येकाला ती स्थानिक वेळेत दिसेल. मात्र नोंदीसाठी प्रमाणवेळ निवडायच्या यादीत पणजी किंवा मुंबई शोधू नका. भारतासाठी तिथे बहुधा कोलकाता असते.

फोंड्याची पेटी :
सर्वांचे आभार. कोलकात्याच्या वेळेने निमंत्रण पाठवले आहे. लंडनच्या मुलांना उन्हाळ्यात तीन वाजता फुटबॉल असतो, म्हणून मार्चअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांना वेगळे साडेसहाला शिकवीन आणि बाकीच्यांना साडेसातलाच. त्या दिवसांत तुळशीपाशी दिवा लावायचे सुनेने कबूल केले आहे.