परसातील काँक्रीटचा ओटा: उतार, जाडी आणि सांधे यांविषयी

प्रश्न
नमस्कार. घराच्या मागील दाराबाहेर, भिंतीला लागून ६ मीटर लांब व ४.५ मीटर रुंद असा काँक्रीटचा ओटा करण्याचा विचार आहे. तेथे चार-सहा जणांना बसता येईल असे टेबल ठेवायचे आहे. जागा जवळजवळ सपाट असून एका कोपऱ्यात जुने झाड आहे आणि ते तोडण्याची आमची मुळीच इच्छा नाही. जाडी किती ठेवावी, लोखंडी जाळी घालावी का आणि काम सुरू करण्यापूर्वी कागदावर काय काय ठरवून घ्यावे, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
सर्वप्रथम पाणी कोठे जाणार हे ठरवावे, कारण इतर चुका पुढे थोड्याफार सुधारता येतात, पण घराकडे झुकलेला ओटा फोडूनच काढावा लागतो. भिंतीपासून बाहेरच्या बाजूस ५० ला १ असा उतार धरावा. तुमच्या ४.५ मीटर रुंदीत तो ९ सेंटीमीटर होतो आणि बसताना तो जाणवत नाही. ओट्याची वरची पातळी दाराच्या उंबऱ्याच्या आणि जोत्यातील ओलरोधक थराच्या पुरेशी खाली असली पाहिजे, अन्यथा पावसाचे उडालेले पाणी भिंतीत मुरते.

केवळ माणसांची ये-जा असेल तर १० सेंटीमीटर जाडी पुरते. त्याखालची माती, विशेषतः भरावाची असल्यास, थर देऊन धुमसावी आणि वर साधारण १० सेंटीमीटर खडी दाबून घ्यावी. या हिशेबाने काँक्रीट २.७ घनमीटर लागेल. थोडे अधिकच धरावे. पुढे दिवा किंवा नळ हवा असेल, तर त्यासाठी रिकामा पाइप आताच खालून टाकून ठेवावा.

प्रतिसाद २
वरील सर्व मुद्दे पटले. सांध्यांबद्दल, म्हणजे भेग ठरलेल्या रेषेतच पडावी म्हणून काँक्रीटमध्ये मुद्दाम पाडलेल्या सरळ चिरांबद्दल, मात्र स्वतःच्या अनुभवावरून आग्रहाने सांगतो. आमच्या ओट्यात झाडासाठी चौकोनी खाच सोडली होती आणि सांध्यांचा विचार केलाच नव्हता. काही आठवड्यांतच त्या खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. काँक्रीट वाळताना आकसते. भेग कोठे पडावी हे आपण ठरवले नाही, तर ती सर्वांत दुबळ्या जागी पडते. १० सेंटीमीटर जाडीला सांध्यांमधील अंतर ३ मीटरपेक्षा जास्त नसावे. तुमच्या मापात दोन्ही दिशांना मधोमध एकेक सांधा घेतला, तर ३ मीटर बाय २.२५ मीटरचे चार तुकडे होतात, आणि ते प्रमाण चांगले आहे. सांध्याची खोली जाडीच्या किमान एक चतुर्थांश, म्हणजे २.५ सेंटीमीटर असावी. खाच ठेवावीच लागली, तर एखादा सांधा तिच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन भिडवावा. घराच्या भिंतीलगत दबणारी पट्टी घालून ओटा भिंतीपासून मोकळा ठेवावा.

झाडाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ओट्याचा आकारच बदलून तो कोपरा सोडून द्यावा. मुळे वाढतात आणि काँक्रीट उचलतात, आणि मुळे तोडली तर झाड धोक्यात येते.

प्रतिसाद ३
जाळीमुळे भेगा पडायच्या थांबत नाहीत. पडलेली भेग ती रुंदावू देत नाही, एवढेच तिचे काम. घालायची असल्यास कव्हर ब्लॉकवर (जाळी उचलून धरणाऱ्या लहान ठोकळ्यांवर) ठेवून जाडीच्या वरच्या भागात राहील असे पाहावे. खडीवर पडून राहिलेल्या जाळीचा उपयोग होत नाही, आणि दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी ती तशीच पडलेली असते.

काँक्रीट पसरायला सोपे जावे म्हणून कामगार त्यात वरून पाणी ओततात. ते होऊ देऊ नये, कारण त्याने ताकद घटते आणि पृष्ठभाग पुढे भुकटीसारखा झडतो. वर आलेले पाणी आटेपर्यंत थापी फिरवू नये. शेवटी खराट्याने उताराच्या आडव्या दिशेने हलके ओरखडे काढावेत, म्हणजे पावसात पाय घसरत नाही. त्यानंतर किमान ७ दिवस ओले पोते घालून पृष्ठभाग सतत ओला ठेवावा.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. झाडाचा कोपरा सोडून नवा आराखडा काढतो आणि त्यावर उताराची दिशा व सांधे दाखवूनच गवंड्याशी बोलतो.