टिमोथी, राय ग्रास की आपलं नेपियर?

घोडकाठचा गोठा:
राम राम मंडळी. शिरूर तालुक्यात आमचा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईंचा गोठा आहे. मामेभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये डेअरीवर कामाला आहे. तिकडे एकदा पेरलेलं गवत बर्फ गेला की पुन्हा फुटतं, गाई सरळ त्यात चरायला सोडतात म्हणे. टिमोथी, ऑर्चर्ड ग्रास, राय ग्रास अशी नावं तो सांगतो. गाय मूळची थंड मुलखातली, मग तिचं गवत इथे का लावू नये? त्याच्याकडून बी मागवू का?

चारावाली ताई, हडपसर:
दादा, थांबा. परमिटशिवाय परदेशी बी आणता येत नाही, आणि आणूनही उपयोग नाही.

तिकडे गवत निवडताना आधी बघतात ते हिवाळ्यात जगेल का. त्यात टिमोथी पक्कं. बुंध्याशी कांद्यासारखी गाठ असते, त्यातल्या साठ्यावर ते परत फुटतं. म्हणूनच फार खाली कापलं की संपलं. मुळं उथळ, पाण्याचा ताण सोसत नाही, फुटवाही सावकाश. ऑर्चर्ड ग्रास कापल्यावर झपाट्याने वाढतं, पण लवकर निसवतं. कापणी लांबली की काडी जून. राय ग्रास पचायला आणि दुधाला फार सरस, मात्र कडक हिवाळ्यात आधी तेच दगावतं. मला विचाराल तर भावाने मेडो फेस्क्यू बघावं, थंडीही सोसतं आणि पचतंही छान. टॉल फेस्क्यू घ्यायचं तर 'केंटकी ३१' या वाणाचं जुनं बी नको. त्यातल्या बुरशीने गाई धापा टाकतात, दूध उतरतं.

ही सगळी गवतं साधारण १५ ते २५ अंशांत खुलतात. शिरूरचा एप्रिल चाळिशीला टेकतो, तिथे ती करपणारच.

घोडकाठचा गोठा:
पटलं ताई. पण नेपियरवर, म्हणजे हत्ती गवतावर, गाई दुधाला टिकत नाहीत.

चारावाली ताई, हडपसर:
नुसत्या नेपियरवर कशा टिकतील? नेपियरचा फुले जयवंत हा वाण लावा. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, पुढच्या सहा ते आठ आठवड्यांनी. पुरुषभर उंच होऊ देऊ नका. बुडखा वीतभर ठेवा. जोडीला लसूण घास (ल्युसर्न), आरएल-८८ वाणाचा, प्रथिनांसाठी. नेपियरमधलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं, म्हणून खनिज मिश्रण रोज द्याच.

बांधावरचा माणूस, जुन्नर:
चरायलाच सोडायच्या असतील तर मारवेल गवत लावा. माळावर, कमी पाण्यात येतं. ठोंबं जुलैच्या पावसात लावा आणि पहिल्या वर्षी गाई आत सोडू नका, कापूनच घाला.