मदत हवी आहे : चार जुने सर्व्हर एका मशीनवर आणायचे आहेत, शेठना हिशोब कसा पटवू?

नमस्कार मंडळी,

साकीनाक्याला आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट आहे. मी अकाउंट्स बघतो, सर्व्हरही माझ्याकडेच. एकावर टॅली, दुसऱ्यावर फाइली, तिसऱ्यावर हजेरीचं पंचिंग. चौथ्यावर कॉस्टिंगचं जुनं सॉफ्टवेअर. ते विंडोज सर्व्हर २००८ आर२ सोडून कशावर चालत नाही आणि मागे यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही. बनवणाऱ्याने धंदा कधीच बंद केलाय. त्या विंडोजचा सपोर्टही जानेवारी २०२० मध्ये संपला.

गेल्या जुलैत या चौथ्याचा पॉवर सप्लाय उडाला. ते मॉडेल आता येत नाही. दोन दिवस लॅमिंग्टन रोड पालथा घातला तेव्हा एक जुना हाती लागला. तोवर कुठल्या पार्टीला काय दर दिलाय हे कुणाला सांगता येईना. भरलेला टेम्पो गेटवर तसाच उभा.

तेव्हापासून व्हर्च्युअलायझेशनबद्दल वाचतोय. एका दणकट मशीनवर हायपरवायझर (एका मशीनचे अनेक आभासी संगणक करणारं सॉफ्टवेअर) टाकायचा आणि चारही सर्व्हर त्यावर व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) म्हणून चालवायचे, एवढं कळलं. आमचे प्रोसेसर तसेही दिवसभर जवळजवळ रिकामेच असतात.

शेठ म्हणतात, "पैसे किती वाचतील ते बोल." विजेचं गणित केलं. प्रत्येकी २५० वॅट धरले तर चार मिळून १ किलोवॅट, म्हणजे दिवसाला २४ युनिट, वर्षाला ८,७६०. एसी वेगळा. तेवढ्याने शेठ हलत नाहीत. मला वाटतं खरा फायदा ते दोन दिवस आहेत. व्हीएम म्हणजे शेवटी फाइलच, मशीन मेलं तर बॅकअपमधून दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उभी करता येते. हे रुपयांत कसं मांडू? आणि एकच मशीन बसलं तर चारही बसतील, त्याचं काय?

प्रतिसाद १

भीती रास्त आहे, म्हणून मशिनं दोन घ्या. दुसरं साधं चालेल, पण रोज रात्रीचा बॅकअप त्यावर उतरला पाहिजे. स्नॅपशॉटला (व्हीएमची त्या क्षणाची टिपलेली स्थिती) बॅकअप समजू नका, तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला.

शेठपुढे जाण्याआधी लायसन्स मोजा. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये मशीनच्या प्रोसेसरमधल्या सगळ्या कोअरचं, कमीत कमी १६ कोअरचं, लायसन्स घ्यावं लागतं आणि त्यात दोनच विंडोज व्हीएम बसतात. चार हव्या तर तेच पुन्हा एकदा. जुन्या सर्व्हरबरोबर आलेलं ओईएम (मशीनसोबतच विकलेलं) लायसन्स नव्या मशीनवर नेता येत नाही. हा खर्च नंतर निघाला तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसणार नाही.

प्रतिसाद २

तुमचा निर्णय डोंगलवर ठरेल. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरवायझरमध्ये यूएसबी डोंगल थेट व्हीएमला देता येत नाही, प्रॉक्समॉक्स आणि व्हीएमवेअर या दुसऱ्या हायपरवायझरमध्ये देता येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यावर कायमची लायसन्सं बंद झाली, आता फक्त सबस्क्रिप्शन. छोट्या युनिटला मी प्रॉक्समॉक्सच सांगेन. वापर फुकट, सपोर्ट हवा तर पैसे. २००८ वाल्या व्हीएमचं इंटरनेट मात्र तोडा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. त्या दोन दिवसांत अडकलेल्या मालाची चलनं आणि बसून राहिलेल्या कामगारांची मजुरी काढतोय, शेठना तोच कागद दाखवतो. रविवारी कॉस्टिंगवाल्या सर्व्हरची कॉपी डिस्क२व्हीएचडीने (डिस्कची व्हीएमला चालेल अशी फाइल करणारं टूल) काढून एका रिकाम्या पीसीवर डोंगलसकट चालवून बघायची आहे. त्यासाठी मूळ सर्व्हर बंद ठेवावा लागेल का?

प्रतिसाद २

नाही, ते टूल चालू विंडोजमध्येच चालतं. फक्त कॉस्टिंगची डेटाबेस सर्व्हिस आधी थांबवा. काढलेली कॉपी पीसीवर चालू कराल तेव्हा त्या पीसीची नेटवर्क वायर जोडू नका, नाहीतर एकाच नावाची, एकाच आयपीची दोन मशिनं भांडतील. आणि व्हीएमला डिस्क आधी आयडीई (जुन्या पद्धतीची डिस्क-जोडणी) म्हणून लावा. जुन्या विंडोजमध्ये व्हर्टआयओचा (व्हीएमसाठीची वेगवान डिस्क-जोडणी) ड्रायव्हर नसतो, तशी लावलीत तर सुरू होतानाच निळा स्क्रीन येईल.