कापत नाही, ओढतं!
पॅपिलोमा (चामखीळ आणणारा) विषाणू आपल्या डीएनएची नक्कल करताना त्याचे दोन धागे ई१ या प्रथिनाने वेगळे करतो. मग हे ई१ डीएनए कापतं का, असा प्रश्न पडतो. नाही, इथे कात्री नाहीच. सहा ई१ रेणूंचं एक कडं बनतं. त्याच्या भोकातून डीएनएचा एक धागा ओढला जातो, जोडीदार धागा बाहेरच अडतो आणि झिप उघडत जाते. खरी गंमत भोकाच्या आत. २००६ साली मिळालेल्या स्फटिकरचनेत (प्रथिनाचा स्फटिक करून काढलेल्या रचनेत) सहा रेणूंची आत डोकावणारी सहा 'बोटं' गोल जिन्यासारखी दिसली, प्रत्येकाने एकेक न्यूक्लिओटाइड (डीएनए धाग्याचा एक मणी) धरलेलं. एटीपी (पेशीचं इंधन) रेणूला जोडला, फुटला, सुटला की बोट पायरी पायरी खाली उतरतं, तळाशी पकड सोडून पुन्हा वर जातं. रहाटगाडगंच की! एका एटीपीमागे एक न्यूक्लिओटाइड सरकतं. रेणू आपापल्या जागी असतात. गोल फिरते ती फक्त कोणी ओढायचं ही पाळी. (हे मला उमजायला बराच वेळ लागला.)