कबड्डी, खो-खो खेळलेला उमेदवार टीममध्ये खरंच उजवा ठरतो का?

टीमलीड_पुणे: सपोर्ट टीमसाठी मुलाखती चालू आहेत. बऱ्याच बायोडेटांवर ‘विद्यापीठ संघ, कबड्डी’ किंवा ‘खो-खो’ असतं आणि पुढे ‘टीमवर्क’. याला किती वजन द्यावं? तपासायचं कसं?

बसती_पळती: खो-खोला द्याच. आठ जण आलटूनपालटून विरुद्ध तोंडं करून बसतात, नववा पाठलाग करतो. त्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा वाटेत बदलता येत नाही. पळणारा पलीकडे गेला की काम सोपवण्यावाचून गत्यंतर नसतं. खो मागूनच द्यायचा, स्पर्श हवा आणि मोठ्याने ‘खो’ही हवा. तो मिळण्याआधी उठलं तर फाउल. शिफ्ट बदलताना तिकिटं (ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी) नेमकी इथेच अडकतात: एकाने मनातल्या मनात सोपवलेलं असतं, नाहीतर दुसऱ्याने न सांगता उचललेलं असतं.

कव्हर_डिफेन्स: कबड्डीवाल्याला आधी मैदानावरची जागा विचारा. चढाई ३० सेकंदांची आणि एकट्याची. साथ दिसते ती पकडीत. कोपऱ्यातल्या खेळाडूने चढाईपटूचा घोटा धरला की कव्हरने, म्हणजे त्याच्या मदतीच्या बचावपटूने, त्याच क्षणी यायला हवं. तो बिचकत, उशिरा आला आणि चढाईपटूने मध्यरेषा गाठली, तर हात लागलेले सगळेच बाद. म्हणून विचारा, “अशी पकड सुटल्यावर पुढच्या चढाईआधी तुमच्यात काय बोलणं व्हायचं?” खरा खेळलेला माणूस इशारा, क्रम, कोणी थांबायचं हे सांगेल. बाकीचे ‘एकजूट’ म्हणतील.

मैदानाबाहेर: मला हे अर्धंच पटतं. मैदानावर ध्येय एक, पंचाचा निर्णय लगेच, गुणफलक सगळ्यांसमोर. ऑफिसात सेल्सला तारीख आजची हवी, टेस्टिंगला आणखी चार दिवस, आणि पगारवाढ एकेकट्याची. ही ओढाताण खेळ शिकवत नाही. शिवाय मैदानावर लिहून कळवावं लागत नाही. एक अर्धवट सुटलेली तक्रार द्या, पंधरा मिनिटांत पुढच्या शिफ्टसाठी पाच ओळी लिहायला सांगा. काय झालं, काय उरलं, ग्राहकाला काय कबूल केलंय. तिसरी गोष्टच बहुतेकदा राहून जाते.

टीमलीड_पुणे: दोन्ही घेते. पण न खेळलेल्यांचं काय?

कव्हर_डिफेन्स: गणेश मंडळ, एकांकिकेचं बॅकस्टेज, एनएसएसचं शिबिर, काहीही चालेल. प्रश्न एकच ठेवा: तुमच्यामुळे कोणाचं काम अडणार होतं, आणि ते त्याला कधी सांगितलंत?