गुणसूत्रांवर संशोधन करायचं म्हणजे आता उशीर झालाय का?

नवखा_जीनवाला:
एमडी संपत आलंय. पुढे मेडिकल जेनेटिक्स नक्की, पण मला ओढ आहे ती सायटोजेनेटिक्सची, म्हणजे मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं बघण्याची. बरोबरचे हसतात. म्हणतात, अख्खा जीनोम (सगळा डीएनए) वाचून मिळतो आणि तू मायक्रोस्कोपला डोळा लावून काय बसणार? गुणसूत्रांच्या दोषांवर उभी हयात घालवलेलं कुणी इथे आहे का? आज सुरुवात करायची असती तर हेच निवडलं असतं?

मेटाफेज:
मी आहे, आणि हो, हेच निवडलं असतं. निवृत्त झाले तरी चांगली स्लाइड दिसली की हात शिवशिवतात.

हसणाऱ्यांना एक केस द्या. डाउन सिंड्रोमचं बाळ. मायक्रोअ‍ॅरे, म्हणजे डीएनए कुठे कमी-जास्त आहे ते मोजणारी चाचणी, सांगेल, २१व्या गुणसूत्राचा मजकूर जास्त आहे. बरोबर. पण तो जास्तीचा २१ सुटा आहे की १४व्या गुणसूत्राला चिकटलाय, हे त्याला कळत नाही. तो माल मोजतो, जागा बघत नाही. आईवडील मात्र नेमकं तेच विचारायला आलेले असतात: पुढच्या बाळाचं काय? सुटा असेल (सुमारे ९५ टक्के वेळा असतोच) तर धोका एक टक्क्याच्या आसपास, आईचं वय जास्त असेल तर थोडा वर. १४ला चिकटलेला आणि आई वाहक (स्वतः निरोगी, पण तिच्यातही ती जोडी चिकटलेली), तर दहा टक्क्यांच्या वर. आणि दोघांपैकी कुणाच्या २१ला २१च चिकटलेला असेल तर जिवंत जन्मणारं प्रत्येक मूल डाउनचंच. हा फरक साध्या कॅरिओटाइपमध्ये (सगळी गुणसूत्रं ओळीनं मांडलेल्या चित्रात) डोळ्यांना दिसतो.

संशोधन म्हणाल तर गुणसूत्रांवर काम करणाऱ्या डॉक्टर जॅनेट राउली आठवा. १९६० मध्ये नोवेल आणि हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक खुजं गुणसूत्र दिसलं, तेच फिलाडेल्फिया क्रोमोसोम. तुकडा गळून गेलाय असाच समज होता. बँडिंग (गुणसूत्रांवर ओळखीचे पट्टे उमटवणारी रंगवण्याची पद्धत) आल्यावर राउलीबाई फोटोंतली गुणसूत्रं कात्रीनं कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवत बसायच्या. मुलं चिडवायची, आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून. त्यांना दिसलं की २२चा तुकडा गळालेला नाही, ९च्या टोकाला जाऊन बसलाय. हे १९७३चं. त्या अदलाबदलीतून तयार होणाऱ्या प्रथिनावर नेम धरणारं इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये मंजूर झालं.

पण बाबा, रोजचं काम यातलं काहीच नसतं. रोज असते ती स्लाइड. हवा फार कोरडी असली की गुणसूत्रं एकमेकांवर चढून बसतात, फार दमट असली की इतकी पांगतात की कुठलं कुठल्या पेशीचं ते कळेना. बँड उमटवायला वापरतात ते ट्रिप्सिन जरा जास्त वेळ राहिलं की बँड फुगून पुसट होतात. याचा कंटाळा येणार असेल तर आत्ताच दुसरी वाट धर.

हेपरिन_हिरवी_टोपी:
लॅबवाल्याकडून एकच भर. डॉक्टर झालात की रक्ताचा नमुना हेपरिनच्या नळीतच पाठवा हो! (हेपरिन आणि ईडीटीए, दोन्ही रक्त गोठू न देणारी द्रव्यं.) ईडीटीएमध्ये आलेल्या रक्तातल्या पेशी कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये वाढवायला ठेवल्या की, नीट वाढत नाहीत आणि फोन आम्हाला येतात, 'रिपोर्ट कुठे?' म्हणून.

लाँगरीड:
मेटाफेज ताई, आदर आहे, पण ट्रान्सलोकेशन (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अशी अदलाबदल) आता लाँग-रीड सिक्वेन्सिंग (डीएनएचे लांब तुकडे सलग वाचणं) आणि ऑप्टिकल मॅपिंग (लांब डीएनएवरच्या खुणांचा नकाशा) यांतही सापडतात. ब्रेकपॉइंट, म्हणजे गुणसूत्र तुटलं ती जागा, अगदी अचूक कळतो. मायक्रोस्कोपला काही मेगाबेसच्या (मेगाबेस म्हणजे डीएनएची दहा लाख अक्षरं) खालचं दिसतच नाही.

मेटाफेज:
अगदी मान्य. ५ मेगाबेसच्या खालचं मला कुणी विचारूच नये. पण वर लिहिलेलं १४-२१चं उदाहरण तुमच्या मॅपिंगला टाकून बघा. तिथला सांधा सेंट्रोमिअरजवळच्या (गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाजवळच्या) आखूड भुजांत असतो, आणि तिथे तोच तोच मजकूर मैलभर. मॅपिंग नेमकं तिथेच अडखळतं. १३, १४, १५, २१, २२ यांच्या या आखूड भुजा सलग वाचून झाल्या त्या २०२२ मध्ये जाहीर झालेल्या संपूर्ण जीनोममध्ये. म्हणजे ही गुणसूत्रं तिथेच का चिकटतात यावरचं खरं काम आत्ता कुठे सुरू होतंय. नवख्या, उशीर झालेला नाही, तू वेळेवर आलायस.

नवखा_जीनवाला:
मग आधी काय शिकू? सिक्वेन्सिंगचा डेटा की स्लाइड?

मेटाफेज:
स्लाइड. डेटा रात्री घरी बसूनही शिकता येतो. आणि अशीच जागा बघ जिथे स्लाइड वाचणारा माणूस आईवडिलांसमोरही बसतो. मला संशोधनाचे बहुतेक प्रश्न त्या खुर्चीतच सुचले.